रेशीमकिड्याचा चौथा शत्रू

अहमदपुरात सकाळ-संध्याकाळ न चुकता हेल्मेट घालून फिरणारा माणूस एकच होता, तो म्हणजे सुदर्शन गुरुजी. बाकी गाव डोक्याला रुमाल गुंडाळून, फार तर देवाचं नाव घेऊन गाडीवर बसायचं. गुरुजींना कोपऱ्यावरून कोथिंबिरीची जुडी आणायची असली तरी हेल्मेट लागायचं. कॉलनीतल्या बायका आपापल्या नवऱ्यांना त्यांचा दाखला देत. "बगा जरा गुरुजींकडं. जिवाची फिकीर असलेला माणूस असा असतो."

जिवाची फिकीर वगैरे काही नव्हतं. हेल्मेटच्या आत, उजव्या कानाजवळच्या स्पंजमागं तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी अगदी बेतशीर बसत असे. एवढीच काय ती फिकीर.

तीन वर्षांपूर्वी शीलावहिनींनी, म्हणजे गुरुजींच्या बायकोनं, कुलदैवतापुढं उभं करून त्यांच्याकडून शपथ घेतली होती. गुरुजींनी ती मनापासून घेतली, आणि अकरा दिवस पाळलीसुद्धा. बाराव्या दिवशी शाळेत तंबाखूमुक्त शाळेची जबाबदारी त्यांच्याच गळ्यात पडली. शाळेभोवती पिवळी रेघ मारायची होती, रंग पातळ होता, ब्रशाचे केस गळत होते, हेडमास्तर सारखे फोटो मागत होते. ह्या सगळ्या तापापायी गुरुजींनी एक चिमूट सोडली तोंडात. पिवळ्या रेघेच्या बाहेर उभं राहून सोडली, हे मुद्दाम सांगायला पाहिजे. नियम म्हणजे नियम.

पण खरी धास्ती शीलावहिनींची नव्हतीच. बायको नवऱ्याच्या खोट्याला थोडी सूट धरूनच संसार करते. धास्ती होती सुकन्याची. सुकन्या म्हणजे पाचवीतली लेक. तिच्याकडं एक वही होती आणि वहीच्या पुठ्ठ्यावर नाव होतं: 'बाबांनी सांगितलेलं'. वटवाघूळ पक्षी नाही. वीज आधी दिसते, मग ऐकू येते. टोमॅटो हे फळ आहे. वर्गात कुणी हुज्जत घातली की ती वही काढायची. "माझ्या बाबांनी सांगितलंय," म्हटलं की विषय संपला. मास्तरकीच्या अठरा वर्षांत फळ्यावरचं पुसून टाकणारी पोरं गुरुजींनी खंडीभर पाहिली. लिहून ठेवणारी ही एकच. जगात आपल्याला कुणीतरी खरं मानतंय, ह्यावर त्यांचं सगळं चाललं होतं. ती वही बंद झाली तर आपल्याजवळ एक हेल्मेट तेवढं उरेल, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

तर झालं असं, तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन जवळ आलं. मागच्या वर्षी सुकन्याच्या ज्वालामुखीतला लाल फेस पाहुण्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर गेला होता, म्हणून यंदा जरा थंड विषय घ्यायचा असं घरात ठरलं होतं. शीलावहिनींचा लग्नातला रेशमी शालू वाऱ्यावर टाकला होता. त्यावरून हात फिरवत सुकन्या म्हणाली, "बाबा, हे किड्यानं केलंय मनं. खरं का?"

"खरं," गुरुजी सरसावून बसले. "एक अळी असती. तुतीचा पाला सोडून दुसरं काही तोंडाला लावत नाही. चार वेळा झोपती, चार वेळा कात टाकती. मग डोकं हलवत हलवत तोंडातून धागा काढती आन् स्वतःभोवती घर बांधती. त्या घराला कोष म्हणायचं. एकच धागा, न तुटता, जवळपास किलोमीटरभर!"

"मग?"

"मग कोष उकळत्या पाण्यात टाकायचे. डिंक सुटतो, धाग्याचं टोक सापडतं. असे सात-आठ धागे एकत्र गुंडाळले की झालं रेशीम."

"आन् आतली अळी?"

गुरुजी अडखळले. समोर लेकीचे डोळे, हातात पेन्सिल. "ती... ती झोपलेली असती," ते म्हणाले.

सुकन्यानं लिहून घेतलं: अळी झोपलेली असते. मग म्हणाली, "आपण खऱ्या अळ्या पाळू. चित्र नको. खरं रेशीम दाखवू."

"त्यात काय!" गुरुजी म्हणाले. ह्या दोन शब्दांनी आजवर किती सज्जनांची वाट लागली असेल, ह्याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

गुरुजी आधी एका सरकारी कार्यालयात गेले. तिथल्या बाबूंनी नीट ऐकून घेतलं, चहाही पाजला. म्हणाले, "किती एकर?"

"एकर नाही हो. दोनशे अळ्या."

"अळ्या आमच्याकडं नसतात, अंडीपुंज असतात. ते एकरावर देतो. सातबारा लागंल, त्यावर तुतीची नोंद लागंल, अन् पासपोर्ट साईज दोन फोटो."

"एका अंडीपुंजात अंडी किती?"

"चारशे-पाचशे."

"मग अर्धाच द्या की."

बाबूंनी गुरुजींकडं कीव आल्यासारखं पाहिलं. "गुरुजी, अर्ध्या अंडीपुंजाचा कॉलमच न्हाई." गुरुजींच्या नावावर जमीन म्हणाल तर गॅलरीतल्या तीन कुंड्या. सातबारा काही मिळेना. फोटो मात्र काढून झाले, आणि फोटोवाला आठाच्या खाली काढत नाही. चेहरा भेदरलेला, कान बाहेर आलेले, असे आठ गुरुजी टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये पडून राहिले. ह्यातला एक पुढं कामाला येणार होता.

शेवटी लखन आठवला. लखन रेणापूरजवळचा शेतकरी, तुती लावून रेशमाचं पीक घेणारा, आणि गुरुजींचा जुना विद्यार्थी. सातवीत असताना त्याच्या दप्तरात तंबाखू सापडली होती म्हणून गुरुजींनी त्याला सबंध मधली सुट्टी ओणवं उभं केलं होतं, आणि पुडी जप्त केली होती. त्या पुडीचं पुढं काय झालं हे विचारू नये.

लखननं मागचं काही मनात ठेवलं नव्हतं. शेडच्या दारात त्यानं गुरुजींना चपला काढायला लावल्या, हात धुवायला लावले, पाय चुन्यातून नेले. "सर, ही लई नाजूक जात हाय. वास चालत न्हाई, धूर चालत न्हाई, फवारलेला पाला चालत न्हाई. पोटच्या लेकरावानी बगावं लागतंय." मग दोन वेळा कात टाकलेल्या दोनशे अळ्या मोजून त्यानं पाल्यासकट मिठाईच्या खोक्यात ठेवल्या आणि झाकणाला भोकं पाडून दिली.

येताना एसटीत शेजारच्या म्हाताऱ्यानं खोक्याकडं पाहिलं. "पेढे कशाचे, गुरुजी?"

अळ्या आहेत म्हणावं तर कंडक्टर भर रस्त्यात उतरवणार. "पोरगी पास झाली," गुरुजी म्हणाले.

"नोव्हेंबरात?"

"पुरवणी परीक्षा," गुरुजी म्हणाले, आणि अहमदपूर येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिले. सोयीचं खोटं त्यांना असं पटकन सुचायचं. त्यात वाईट हेतू नसायचा.

पुढचे चार दिवस घरात नुसता उत्सव. समोरच्या खोलीतला दिवाण उभा केला, त्या जागी तीन ताटल्या मांडल्या. मुंग्या चढू नयेत म्हणून टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले. मच्छर अगरबत्ती बंद, देवापुढची उदबत्ती बंद. शीलावहिनींनी फोडणीसुद्धा मागच्या ओट्यावर न्यायची असा हुकूम सुटला. पाल्याचा प्रश्न शेजारच्या बसलिंगप्पांनी सोडवला. बसलिंगप्पा म्हणजे एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. मनानं अजून ड्युटीवरच. रोज सकाळी लखन रेणापुरात नांदेडच्या गाडीवर पाल्याचं पोतं चढवायचा, आणि अहमदपूरच्या स्टँडवर बसलिंगप्पा शिट्टी मारून ते उतरवून घ्यायचे. पोतं देताना म्हणायचे, "गुरुजी, फिकीर करू नका. लग्नाच्या वऱ्हाडाला जेवण कमी पडलं तरी चालंल, ह्यांना पडायचं न्हाई." तोंडात तंबाखूचा बार भरलेला असे, ते उघडउघड खात. गुरुजींना त्यांच्या त्या मोकळेपणाचा मनातल्या मनात फार हेवा वाटे.

सुकन्या शाळेतून आली की दप्तर फेकून ताटलीपाशी. पाला टाकला की शे-दोनशे तोंडं एकदम चालू व्हायची आणि कागद चुरगळल्यासारखा आवाज यायचा. कॉलनीतली पोरं दारात रांग लावून तो ऐकायला येत. सुकन्या त्यांना सांगे, "खातात, झोपतात, कात टाकतात. झोपेत हात लावायचा न्हाई. माझ्या बाबांनी सांगितलंय."

पाचव्या दिवशी अकरा अळ्या मेल्या.

अंग आखडलेलं, तोंडातून हिरवं पाणी. सुकन्यानं एकेक मोजून कागदात घेतली. दुसऱ्या दिवशी चौदा. आता सल्ल्यांना काय तोटा! बसलिंगप्पा म्हणाले, "गर्मी झालीया," आणि ओलं पोतं आणून खिडकीला टांगलं. पलीकडच्या उमाबाईंनी दृष्ट काढली, नि मीठ-मोहऱ्या विस्तवावर टाकल्या, तेव्हा धुरानं अळ्यांआधी माणसंच खोकत बाहेर आली. कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी हळद सुचवली, कुणी ग्लुकोज. गुरुजी मास्तर असल्यामुळं त्यांनी तक्ता आखला: तापमान, ओलावा, पाल्याचा ताजेपणा. सगळं तपासलं. तक्त्यात एक रकाना तेवढा नव्हता. पाला बारीक चिरायच्या आधी गुरुजी हेल्मेट पुसायच्या निमित्तानं गच्चीवर जात, डाव्या तळव्यावर मळून येत, आणि हात टॉवेलला पुसून कामाला बसत, तो रकाना.

शेजारच्या दाराशी बसून लोकर कातणारी धुरपता आजी हे सगळं रोज पाहायची. धनगराघरची बाई, मेंढरं केव्हाच गेली, पण टकळी काही हातची सुटली नव्हती. ती एवढंच म्हणाली, "मास्तर, जितराब उगं मरत नसतंय. कुणाचा तरी हात वाईट लागायलाय."

अखेर लखनला बोलावलं. तो आला, एक मेलेली अळी उचलली, उलटी केली, आणि त्याचा चेहरा बदलला. "सर, ही तंबाखूची बाधा हाय. तंबाखूचा हात पाल्याला लागला, अन् तो पाला ह्यांनी खाल्ला, की अश्शाच मरत्यात. घरात तंबाखू कोण खातंय?"

खोलीत शीलावहिनी, सुकन्या, उमाबाई, दारात बसलिंगप्पा. सगळे गुरुजींकडं पाहायला लागले. संशयानं नव्हे, हा काय बोलतोय अशा नजरेनं. लखननं गुरुजींकडं एकदाच पाहिलं. नाकपुडी जराशी हलली. सातवीच्या वर्गात ओणवं उभं राहिलेलं ते पोरगं आता सगळं समजून चुकलं होतं. पण तो खाली पाहून म्हणाला, "आलं असंल कुणी पाव्हणंरावळं. लागला असंल हात." आणि चपला घालून निघाला.

पाहुणा कुणी आलाच नव्हता. पण कॉलनीत तंबाखू खाणारा माणूस शोधायला कितीसा वेळ लागतो? सगळ्यांच्या नजरा बसलिंगप्पांच्या फुगलेल्या गालावर गेल्या.

"म्या?" बसलिंगप्पा म्हणाले. "म्या तर पोतं दारात ठिवतो. पाल्याला हातबी लावत न्हाई!" पण आवाजातला कंडक्टर खचला होता. सुकन्यानं वही काढली आणि त्यांच्यासमोर लिहिलं: बसलिंगप्पा आजोबांमुळे पंचवीस अळ्या मेल्या. बसलिंगप्पा उठले, तोंडातला बार गटारीत थुंकला, आणि स्वतःच्या घरात जाऊन त्यांनी कडी लावली.

गुरुजी तेव्हा बोलले असते तर ही गोष्ट इथंच संपली असती. तोंड उघडलं होतं, देवाशपथ. पण बाहेर आलं ते, "जाऊ द्या, वय झालंय त्यांचं."

दुसऱ्या दिवशी स्टँडवर शिट्टी मारायला कुणी नव्हतं, त्यामुळं पाल्याचं पोतं सरळ नांदेडला गेलं. इकडं अळ्या डोकी वर करून बसलेल्या. गुरुजी धावत सुटले. सरकारी विश्रामगृहाच्या आवारात तुतीचं एक झाड होतं. घाईत हेल्मेट काढायचंही भान राहिलं नाही, तसेच भिंतीवरून झाडावर चढले, आणि खालून वॉचमन ओरडला, "उतर! कोण तू?" हेल्मेट घालून झाडावर बसलेल्या माणसाला 'मी शिक्षक आहे' हे सांगणं किती कठीण असतं हे ज्याचं त्याला माहीत. वॉचमननं नाव, गाव, शाळा, कारण, सगळं रजिस्टरमध्ये उतरवलं. कारणाच्या रकान्यात त्यानं स्वतःच्या मनानं लिहिलं: पाने खाण्यासाठी.

एवढी बेअब्रू झाल्यावर माणसाला चिमूटभर आधार लागतोच. गुरुजींनी भिंतीच्या आडोशाला घेतला. आणि त्याच हातांनी पाला पिशवीत भरला.

सकाळी आणखी पंधरा मेल्या.

सुकन्या ताटलीपुढं मांडी घालून बसली होती. रडत नव्हती, तेच वाईट होतं. "बाबा," ती म्हणाली, "काल तर बसलिंगप्पा आजोबा आलेच न्हाईत. मग कशा मेल्या? तुम्ही सांगा. तुम्हाला म्हाईत असंल."

तिनं पेन्सिल हातात घेतली आणि वाट पाहत बसली.

गुरुजी उठले. खुंटीवरचं हेल्मेट काढलं, लेकीच्या पुढ्यात उलटं धरलं, आणि स्पंज बाजूला केला. पुडी खाली पडली. चुन्याची डबी घरंगळत ताटलीपाशी गेली.

"मी," गुरुजी म्हणाले. "माझ्या हातानं मेल्या. चाळीसच्या चाळीस. बसलिंगप्पांचा काही दोष नाही. मी तीन वर्षं खोटं बोलतोय."

स्वयंपाकघराच्या दारात शीलावहिनी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "खाताव ते म्हाईत होतं. हेल्मेट म्हाईत न्हवतं." आणि आत गेल्या. आतून भांडी आपटल्याचे आवाज यायला लागले, ते दुपारपर्यंत येत होते.

सुकन्यानं पुडी उचलली नाही. हेल्मेटकडं पाहत म्हणाली, "आणखी काय खोटं सांगितलंय?"

टोमॅटो खरा होता. वटवाघूळ खरं होतं. एकच वाक्य होतं. गुरुजींनी ते टाळलं असतं तरी कुणाला कळलं नसतं. पण आज त्यांच्याच्यानं होईना. "कोष उकळतात तेव्हा," ते सावकाश म्हणाले, "आतली अळी झोपलेली नसते. म्हणजे असते, पण त्या पाण्यात ती मरते. अळी पाखरू होऊन बाहेर आली तर कोषाला भोक पडतं, धागा तुटतो. म्हणून आधीच उकळतात. सगळं रेशीम असंच होतं. आईचा शालूसुद्धा."

सुकन्यानं वही मिटली आणि दप्तरात नाही, कपाटावर टाकली.

गुरुजींनी त्या दिवशी तीन कामं केली. पुडी आणि डबी शाळेच्या पिवळ्या रेघेबाहेर, खड्डा खणून पुरली. साबण लावून हात कोपरापर्यंत इतके घासले की कातडी लाल झाली. आणि बसलिंगप्पांच्या दाराशी जाऊन, कॉलनी ऐकत असताना, कबूल केलं. बसलिंगप्पांनी कडी काढली. "गुरुजी," ते म्हणाले, "म्या सतरा वर्षं बिनतिकीटवाले पकडले. चेहरा बगूनच वळकायचो. तुमचा कसा काय सुटला मनून रातभर बेजार झालो बगा." दुसऱ्या दिवशी स्टँडवर शिट्टी वाजली.

त्यानंतर एकही अळी मेली नाही. चौथी कात पडली, आणि मग काय खादाडी! दिवसाला पोतं पुरेना. करंगळीएवढ्या झाल्या, अंगं काचेसारखी झाली, डोकी वर करून डुलायला लागल्या. लखननं बांबूची चंद्रिका पाठवली होती, गोल गोल घरांची चटई. तीत अळ्या सोडल्या, आणि तीन दिवसांत एकशेसाठ पांढरे कोष तयार झाले. सगळी कॉलनी पाहून गेली. सुकन्या सगळं करत होती, पण बापाशी कामापुरतं बोलत होती. "पाला." "चंद्रिका धरा." वही कपाटावरच. गुरुजींना तंबाखूवाचून डोकं दुखे, पण खरा ठणका त्या वहीचा होता.

सहाव्या दिवशी लखनचा फोन आला. "सर, आता उकळा. उशीर केला तर पाखरं फोडतील."

गुरुजींनी पातेलं काढलं नाही. त्यांनी लेकीला विचारलं, "काय करू या? तू सांगशील ते."

"पाखरं येऊ द्या," सुकन्या म्हणाली.

"मग धागा निघायचा नाही. प्रदर्शनात काय दाखवशील?"

"जे झालं ते."

पाखरं आली. पांढरी, गुबगुबीत, उडता न येणारी. पंख फडफडवत सगळ्या खोलीभर चालत सुटली. उमाबाईंच्या कणकेच्या परातीत दोन सापडली. बसलिंगप्पांच्या टोपीवर एकानं अंडी घातली. आणि ताटलीत उरले भोक पडलेले, चिकट, निरुपयोगी कोष. प्रदर्शनाला चार दिवस होते. सुकन्या ते घेऊन दाराशी बसली होती.

धुरपता आजीनं एक कोष उचलला, बोटांनी चोळला, ओढून पाहिला. "आगं, ह्ये तर लोकरीवानीच हाय की," ती म्हणाली. "सोडा टाकून उकळ. आत कुणी न्हाई आता, उकळ बिनघोर. मऊ झालं की आण माझ्याकडं."

उकळल्यावर कोषांचा कापूस झाला. तो आजीनं पिंजला, मांडीवर टकळी फिरवली, आणि बोटांतून धागा सुटायला लागला. जाडा, गाठी-गाठीचा, पण उजेडात धरला की चमकणारा. दुसऱ्या दिवशी तिनं टकळी सुकन्याच्या हातात दिली. तिचा धागा दर वितीला तुटायचा. "तुटू दे," आजी म्हणायची, "जोडाय येतंय."

प्रदर्शनाच्या दिवशी हॉलमध्ये गर्दी मावत नव्हती. परीक्षक म्हणजे एक रिटायर मुख्याध्यापक, भारदस्त, उजवा गाल किंचित वर आलेला. टेबलावर कोष, पाखरांची अंडी, टकळी, लडी. मागं पुठ्ठ्याचा फलक: 'रेशीमकिड्याचे शत्रू'. एक, मुंगी. दोन, पाल. तीन, उझी माशी. चौथ्या चौकोनात कान बाहेर आलेला, भेदरलेला, पासपोर्ट साईजचा सुदर्शन गुरुजी. खाली लिहिलेलं: तंबाखूचा हात.

गुरुजींनी तो फलक तेव्हा पहिल्यांदाच पाहिला. तालुक्यातले झाडून सगळे शिक्षक तिथं होते. धरणी दुभंगली तर बरं, असं त्यांना झालं. पण हॉलला नवीन फरशी होती.

परीक्षकांनी फोटोकडं पाहिलं, मग गुरुजींकडं. गाल न हलवता, ओठांच्या एका कोपऱ्यातून विचारलं, "ह्ये कोण?"

"माझे बाबा," सुकन्या खणखणीत आवाजात म्हणाली. "ह्यांच्या हातानं चाळीस अळ्या मेल्या."

मागं कुणीतरी हसलं. सुकन्या थांबली नाही. "पण हे कुणाला कळलंच नसतं. आळ दुसऱ्यावर आला होता. बाबांनी स्वतः सांगितलं, मनून एकशेसाठ वाचल्या." तिनं टेबलाखालून वही काढली. कपाटावरची. "आन् रेशमासाठी किडा मारतेत, हेबी त्यांनीच सांगितलं. पुस्तकात लिहिलेलं न्हाई, बाबांनी सांगितलंय." नवीन पान होतं, कालच्या तारखेचं. आणि मागच्या पानावरच्या 'अळी झोपलेली असते' ह्या ओळीवर एक सरळ रेघ मारलेली होती.

गुरुजींना पुढचं दिसेना. चष्मा पुसायच्या निमित्तानं ते भिंतीकडं वळले.

परीक्षकांना धड बोलता येण्यासारखं नव्हतंच. ते खिडकीपाशी गेले, बाहेर वाकले, आणि रिकामं तोंड रुमालानं पुसत परत आले. "हां," ते म्हणाले, आणि खिशातली पुडी काढून टेबलाच्या कडेला ठेवली. "आता सांग बेटा, पहिल्यापासून. रेशीम कसं होतं?"

सुकन्याला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. पहिला नंबर यंदाही कुणाच्या तरी ज्वालामुखीनंच नेला.

घरी निघताना गुरुजींनी गाडी चालू केली. हेल्मेट सुकन्याच्या हातात होतं. रोजच्या तपासणीसाठी तिनं दोन बोटं उजव्या कानाच्या स्पंजमागं घातली. काही नव्हतं. गुरुजींनी हेल्मेट डोक्यावर ठेवलं. पुडी गेल्यापासून ते जरा सैल बसत होतं, सारखं एका बाजूला कलायचं.

"थांबा," सुकन्या म्हणाली. तिनं फ्रॉकच्या खिशातून भोक पडलेले दोन कोष काढले, स्पंजमागच्या त्या पोकळीत नीट बसवले, आणि हेल्मेट पुन्हा त्यांच्या डोक्यावर चढवलं.

"बगा आता. बसतंय का?"

"बसलं," गुरुजी म्हणाले. ते खरं होतं.